एकसष्टावे मूल

शाळेचे वर्ष केव्हा संपते? मुले सांगतील, शेवटचा पेपर लिहून झाला की. पालक सांगतील, एक मेला निकालपत्रक हाती पडले की. शिक्षकांना विचारून पाहा. ते नुसते हसतील. मुले मामाच्या गावाला पोहोचली तरी शिक्षकांच्या मागे हजेरीच्या बेरजा असतात, खिचडीच्या तांदळाचा हिशेब असतो, तुटलेल्या नळाची नोंद असते. आणि या सगळ्याच्या तळाशी एक प्रश्न असतो, जो कोणत्याच रकान्यात मावत नाही. यंदा आपण काय केले, आणि येत्या जूनमध्ये दार उघडायचे ते कोणासाठी?

२०२५ च्या एप्रिलमध्ये हा प्रश्न घेऊन बसलेल्या एका प्राथमिक शाळेत मला बोलावणे आले. शाळा कॅथलिक, माध्यम मराठी, इयत्ता पहिली ते चौथी. वसईच्या समुद्राकडच्या पट्ट्यात, केळीच्या आणि फुलांच्या वाड्यांतून जाणाऱ्या एका अरुंद रस्त्यावर, चर्चच्या आवारात ती उभी आहे. गावाचे नाव सांगत नाही. अशा शाळा त्या पट्ट्यात एकापेक्षा अधिक आहेत, आणि पुढे जे सांगणार आहे ते थोड्याफार फरकाने त्यांपैकी अनेकींना लागू पडेल. माझे नाते मात्र या एकीशी. १९८७ च्या जूनमध्ये मी तिच्या पहिलीच्या वर्गात रडत शिरलो होतो.

पुण्याकडच्या माझ्या स्नेह्यांना अजून नवल वाटते की कॅथलिक शाळा आणि मराठी माध्यम ही जोडी जमली कशी! त्यांच्या डोळ्यांसमोर कॉन्व्हेंट म्हटले की टाय बांधलेली आणि इंग्रजी प्रार्थना म्हणणारी मुले येतात. वसईची गोष्ट निराळी आहे. येथे पोर्तुगीजांचा अंमल १५३४ साली आला, आणि १७३९ साली चिमाजी अप्पांनी तो संपविला. राज्य गेले, चर्चे राहिली. आणि चर्चला जाणाऱ्या शेतकऱ्यांच्या तोंडी जी बोली होती ती मराठीच्याच गोतातली राहिली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लोकभाषांना उपासनेत मोकळीक दिल्यावर येथे मिस्सा मराठीत होऊ लागला, प्रवचने मराठीत होऊ लागली. २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविणारे फादर फ्रान्सिस दिब्रिटो याच मातीतले. तेव्हा चर्चच्या आवारात मराठी शाळा असणे हे आम्हांला कधी विशेष वाटलेच नाही. विहीर असते, क्रूस असतो, तशी शाळा असते.

बैठक २८ तारखेला, सोमवारी होती. त्या वर्षी राज्यातल्या सगळ्या शाळांच्या परीक्षा एकाच वेळापत्रकाने ८ ते २५ एप्रिल अशा लांबविल्या होत्या, त्यामुळे शिक्षकांचे डोळे उत्तरपत्रिकांनी तांबारलेले. ईस्टर होऊन आठच दिवस झालेले. ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी पोप फ्रान्सिस यांचे निधन झाले होते, आणि शनिवारी त्यांचा अंत्यविधी झाला होता. टेबलावर त्यांची एक तसबीर आणि तिच्यापुढे विझलेली मेणबत्ती होती. खुर्च्या चारच असल्यामुळे उरलेले आम्ही पहिलीच्या बाकांवर गुडघे हनुवटीशी घेऊन बसलो. जमलेली माणसे म्हणजे मोठ्या बाई, आणखी दोन शिक्षिका, जवळच्या मठातून हातभार लावायला येणाऱ्या एक सिस्टर, धर्मग्रामाचे प्रमुख म्हणून शाळेचा भार वाहणारे फादर, पालकांच्या वतीने दोन आया, आणि माजी विद्यार्थी म्हणून मी.

मला का बोलावले, हे मोठ्या बाईंनी फोनवर सांगितले नव्हते. "ये. मी ३१ मेला निवृत्त होते आहे. तू ये," एवढेच.

जाता जाता सांगतो. ३१ मेला महाराष्ट्रात जितकी माणसे निवृत्त होतात तितकी इतर कोणत्या दिवशी होत असतील असे मला वाटत नाही. कारण साधे आहे. पूर्वी पोराला शाळेत घालायला आणले की जन्मतारीख कोणाला ठाऊक नसे. मग मास्तर वयाचा अंदाज करून एक जून ठोकून देत. पंचावन्न-साठ वर्षांपूर्वीच्या त्या मास्तरांच्या एका फटकाऱ्याने आज साहेबांपासून शिपायांपर्यंत सगळे एकाच संध्याकाळी शाल-श्रीफळ घेऊन घरी जातात. आमच्या बाईंची जन्मतारीख अशीच एक जून. खरी कोणती, ते त्यांनाही माहीत नाही. "आई सांगायची, भात लावणीला आला होता तेव्हाची तू," असे त्या म्हणतात.

बाई आमच्या शाळेत लागल्या त्या मी पहिलीत आलो त्याच वर्षी. म्हणजे आम्ही दोघेही एकदमच नवखे. घरी आमची बोली. शाळेत पुस्तकातली मराठी. आम्ही घरी 'पानी' म्हणायचो. पहिल्याच आठवड्यात मी उठून, "बाई, पानी पिऊ?" असे विचारले आणि आगाशीकडून आलेला एक शहाणा मुलगा खो खो हसला. बाईंनी त्याला काही म्हटले नाही, मलाही काही म्हटले नाही. त्यांनी फळ्यावर दोन शब्द लिहिले, एक 'पानी', एक 'पाणी'. म्हणाल्या, "हे घरचं, हे पुस्तकातलं. तहान दोन्हींनी भागते. आपण दोन्ही शिकू." पुढे मी एम.ए.ला भाषाविज्ञानाच्या नावाखाली पुष्कळ जाडजूड ग्रंथ चाळले. त्या दोन ओळींपलीकडे बोली आणि प्रमाणभाषा यांविषयी कोणी मला फारसे काही शिकविले, असे मी प्रामाणिकपणे म्हणू शकत नाही.

असो. बैठकीकडे वळतो.

बाईंनी वर्षाचा आढावा एका लाल कापडी पुठ्ठ्याच्या वहीतून वाचून दाखविला. अहवाल म्हटले म्हणजे 'विविध उपक्रम उत्साहात पार पडले' असली वाक्ये ऐकायची मनाची तयारी मी केली होती. पण वहीत उपक्रम फारसे नव्हतेच. मुलांची नावे होती, आणि प्रत्येक नावापुढे ते मूल जूनमध्ये काय वाचू शकत होते आणि एप्रिलमध्ये काय वाचू शकते, हे होते. अमका, अक्षरे ओळखत नव्हता, आता जोडाक्षरांपाशी अडतो. तमकी, जूनमध्ये मराठी बोलतच नव्हती, आता गोष्ट वाचते, पण आवाज काढत नाही. आणखी एक, जूनमध्ये जिथे होता तिथेच आहे. "माझी चूक," असे बाईंनी त्याच्यापुढे लिहिले होते. हे दोन शब्द त्यांनी वाचताना आवाज खाली केला नाही, की वर केला नाही.

वर्षाच्या पटावर एकूण ६६ मुले. त्यांत कॅथलिक किती? अकरा. हा आकडा वाचल्यावर बाई थांबल्या आणि फादरांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

मी शिकत होतो तेव्हा आमच्या एकट्या वर्गात चाळीसावर मुले होती आणि कॅथलिक नसलेली हाताच्या बोटांवर मोजावी इतकी. मधल्या काळात काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. मुंबईची लोकल गाडी वसई-विरारपर्यंत माणसे ओतत राहिली. २००९ साली महानगरपालिका आली. २०११ च्या शिरगणतीत या शहराची वस्ती बारा लाखांवर गेली. वाड्यांच्या कडेने चाळी उठल्या. ज्यांच्या वाड्या होत्या त्यांच्या मुलांनी इंग्रजी शाळेचा रस्ता धरला, आणि ज्यांनी चाळींत खोल्या घेतल्या त्यांची मुले मराठी शाळेत आली. आज त्या बाकांवर बसतात ती वारली पाड्यांवरची मुले, मराठवाड्यातून आणि विदर्भातून आलेल्या गवंड्यांची मुले, उत्तर प्रदेशातून आलेल्या भाजीवाल्यांची आणि सुतारांची मुले. इंग्रजी शाळा फार लांब नाही. ती त्याच आवारात आहे. मध्ये फक्त खेळाचे मैदान. एकाच फादरांच्या सहीने दोन्ही चालतात. एका इमारतीला तीन मजले आणि लांबलचक प्रवेशयादी. दुसरीला मंगलोरी कौले आणि चार खोल्या, त्यांतली एक दोन वर्षांपासून कुलूपबंद.

मंगलोरी कौलांचा विषय निघालाच. पगार सरकारी अनुदानातून येतात. पण छप्पर, पाणी, रखवालदार, रंग यांचा भार बहुतांशी चर्चवरच पडतो. चर्चच्या मंडळाच्या सभेत एका जुन्या बागाईतदाराने विचारले होते, "आपली मुलं तिथं नाहीत, मग आपल्या पैशानं शाकारणी कशाला?" फादरांनी हे आम्हांला सांगितले ते रागाने नव्हे. प्रश्न विचारणारा माणूस दुष्ट नव्हता. त्याच्या आजोबांनी त्या शाळेच्या पायाचे दगड बैलगाडीतून आणून टाकले होते.

"तुम्ही काय उत्तर दिलंत?" मी विचारले.

"उत्तर साठ वर्षांपूर्वीच देऊन झालंय, सर," फादर म्हणाले. त्यांचा रोख दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या एका जाहीरनाम्याकडे होता. ख्रिस्ती शिक्षणाविषयीचा तो जाहीरनामा २८ ऑक्टोबर १९६५ रोजी निघाला. कॅथलिक शाळांनी विशेष काळजी कोणाची घ्यावी, तर जे पैशाने गरीब आहेत, ज्यांना कुटुंबाचा आधार नाही, आणि जे या श्रद्धेचे नाहीत त्यांची, असा त्याचा एका ठिकाणी आशय आहे. "आमच्याकडे तिन्ही प्रकारची मुलं एकाच बाकावर बसतात," फादर हसले. मग लगेच गंभीर झाले. "पण जाहीरनाम्यानं कौलं येत नाहीत. मला मंडळाला आकडा दाखवावा लागतो."

धर्मशिक्षणाचे काय, ही शंका वाचकांच्या मनात येईल. माझ्याही आली होती. सरकारी अनुदान घेणाऱ्या शाळेत कोणालाही त्याच्या वा पालकांच्या संमतीवाचून धर्मशिक्षणाला बसविता येत नाही; राज्यघटनेच्या २८ व्या कलमाने ते स्पष्ट केले आहे. येथे त्या अकरा मुलांना रविवारी चर्चमध्ये शिकविले जाते. शाळेत सगळ्यांना मिळून असते ती नाताळची नाटिका. तिच्याविषयी बाईंच्या वहीत एक नोंद होती. डिसेंबरात देवदूत झालेला मुलगा जौनपूरकडच्या एका सुताराचा. मेंढपाळांसमोर उभा राहून तो खणखणीत आवाजात म्हणाला, "भिऊ नका, मी मोठा आनंदाचा बातमी आणला आहे!" सगळे मैदान हसले. नोंद पुढे अशी : 'पुढल्या खेपेला बातमी स्त्रीलिंगी करू. देवदूत तोच ठेवू.'

ही नोंद ऐकताना मला आगाशीचा तो शहाणा मुलगा आठवला, आणि एक गोष्ट माझ्या ध्यानात आली, जी या शाळेविषयी चाळीस वर्षे माझ्या ध्यानात यायला हवी होती. आपण म्हणतो, मराठी शाळा मोडत चालल्या, कारण मराठी घरांनी त्या सोडल्या. खरे आहे. परंतु आमच्या शाळेपुरते बोलायचे तर तिच्यात शिकविली जाणारी मराठी कोणत्याही काळी मुलांच्या घरची नव्हतीच. आमच्याही घरची नव्हती. ती आम्हांला देण्यात आली. उंबऱ्याशी आलेल्या पाहुण्याला पाण्याचा तांब्या द्यावा तशी. जी भाषा आईच्या कुशीत मिळाली नाही ती कष्टाने कमवून तिच्यात घर बांधणारे लोक मराठीत पहिल्यापासून आहेत. इंग्लंडात जन्मलेले फादर स्टीफन्स १५७९ साली गोव्यात उतरले आणि १६१६ साली त्यांचे 'ख्रिस्तपुराण' छापून झाले. तो सुताराचा पोर त्याच रांगेत उभा आहे. रांगेतला तो शेवटचा असेल की नाही, ते जूनच्या प्रवेशांवर ठरायचे होते.

आणि येथून बैठकीत गणित सुरू झाले.

प्राथमिक शाळेतल्या शिक्षकांची संख्या पटावर ठरते. शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्याला जोडलेल्या कोष्टकाप्रमाणे ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ पासून ९० पर्यंत तीन. साठ आणि एकसष्ट यांत एका मुलाचा फरक. पण चार इयत्ता दोघींनी सांभाळायच्या की तिघींनी, हा फरक फार मोठा आहे. आमच्या बाई निवृत्त होताच त्यांची जागा रिकामी होणार. ती भरायला परवानगी मिळायची तर एकसष्टावे मूल पटावर पाहिजे. चौथीतून एकवीस मुले बाहेर पडणार, उरली पंचेचाळीस. म्हणजे पहिलीला निदान सोळा यायला हवीत, आणि मधून एकही जाता कामा नये.

हा पट मोजतात ३० सप्टेंबरला. त्या दिवशी जे मूल नोंदीत असेल ते मोजायचे. मोजणीच्या दृष्टीने कोणती तरी एक तारीख धरावी लागते, हे मान्य. पण आमच्या बाजूच्या काही मुलांचे दुर्दैव असे की त्यांचे वर्ष ३० सप्टेंबरला शाळेत नसतेच. जव्हार-मोखाड्याकडची आदिवासी कुटुंबे भातकापणी उरकून, दिवाळी झाली की वीटभट्ट्यांवर उतरतात. पावसाची चाहूल लागली की परत डोंगरात जातात. त्यांची पोरे नोव्हेंबरात येऊन बाकाच्या टोकाला बसतात आणि मेमध्ये नाहीशी होतात. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी 'शिक्षण हमी कार्ड' नावाची एक सोय आहे; ते दाखविले की दुसऱ्या गावची शाळा मुलाला बसवून घेते. ज्यांच्याकडे कार्ड नसते त्यांनाही बाई बसवूनच घेतात. त्या वर्षी जानेवारीत अशी आठ-दहा मुले वर्गात होती. म्हणजे शाळा जेव्हा सर्वांत भरलेली असते तेव्हा तिला कोणी मोजत नाही! बाईंच्या लाल वहीत या मुलांसाठी शेवटची चार पाने वेगळी ठेवली होती. "ह्यांचं वर्ष सहा महिन्यांचं," त्या म्हणाल्या. "म्हणून ह्यांना अक्षरं आधी, बाकीचं मग."

मोजणीचा दुसरा काटा आधारकार्डाचा. मूल समोर बसलेले असले तरी त्याचे आधार नोंदीशी जुळले नाही, तर शिक्षकांच्या जागा ठरविताना ते धरत नाहीत. नाव शाळेत एका तऱ्हेने, कार्डावर दुसऱ्या तऱ्हेने, जन्माचा दाखला तिसऱ्या गावी. धाकट्या शिक्षिकेने वर्षभरात किती दुपारी त्या केंद्राच्या रांगेत काढल्या ते ऐकून माझ्या मनात आले, पूर्वीच्या मास्तरांचा एक जूनचा फटकारा किती दयाळू होता!

त्यातच हिंदीचा प्रश्न येऊन पडलेला. १६ एप्रिलला शासनाने पहिलीपासून हिंदी अनिवार्य करणारा आदेश काढला होता. आठवड्यात त्यातल्या 'अनिवार्य' या शब्दाला स्थगिती मिळाल्याचे सांगण्यात आले. बैठकीच्या दिवशी नेमके काय करायचे ते कोणालाच कळत नव्हते. "आमच्या पोरांना हिंदी येतेच की," त्या दोघी आयांपैकी एकजण म्हणाली. ती स्वतः गोंडा जिल्ह्यातली. "आम्ही मराठीसाठी इथं घातलं. इथं राहायचं तर इथली भाषा नको?" नंतर १७ जूनला सुधारित आदेश निघाला, आणि २९ जूनला दोन्ही रद्द झाले. त्या वादात दोन्ही बाजूंनी पुष्कळ मोठी माणसे बोलली. गोंड्याच्या त्या बाईइतके नेमके बोलणे माझ्या तरी कानांवर आले नाही.

मग बाईंनी वही मिटली आणि माझ्याकडे वळून विचारले, "तुझी मुलगी आता कितवीत?"

मी म्हणालो, "सहावीत."

"कुठं?"

त्यांना ठाऊक होते. सर्वांनाच ठाऊक होते. माझी मुलगी मैदानापलीकडच्या त्या तीन मजली इमारतीत शिकते. मी महाविद्यालयात मराठी शिकवितो, मातृभाषेतून शिक्षण या विषयावर मागितले तेथे व्याख्यान देतो, आणि माझी मुलगी घरी पाहुण्यांना 'थर्टी-फोर म्हणजे किती?' असे विचारून 'चौतीस' समजून घेते. बाकावर बसल्याने माझे गुडघे आधीच दुखत होते. आता कानही तापले.

"दोष देत नाही रे," बाई म्हणाल्या. "माझा मुलगाही तिथंच शिकला. मला एवढंच सांग, तुम्ही ठरवलंत कधी? ती सहा वर्षांची झाल्यावर की आधी?"

मी आठवून पाहिले. आम्ही ठरविले ती तीन वर्षांची असताना. खरे म्हणजे ठरविले असेही नाही. बायको नोकरीला जात होती, इंग्रजी शाळेच्या शिशुवर्गात मूल सकाळचे चार तास सुरक्षित राहत होते, तेथे तिच्या मैत्रिणी झाल्या. पुढे पहिलीचा फॉर्म आला आणि आम्ही सही केली. मराठी शाळा नको, असे आमच्या घरात कोणी कधीच म्हणाले नव्हते. मराठी शाळेने तिसऱ्या वर्षी आमचे दारच वाजविले नव्हते.

"तेच," बाई म्हणाल्या. "आपण सहाव्या वर्षी दार उघडतो. तोवर मुलं दुसरीकडे गेलेली असतात."

मला बोलावले होते ते यासाठी. जबाब घ्यायला! पण त्या एका जबाबावर पुढची सगळी चर्चा उभी राहिली, हे मला कबूल केले पाहिजे. गणित इंग्रजीतून शिकवून शाळा 'सेमी' करावी, ही सूचना आली. तिच्यावर अर्धा तास वाद झाला आणि ती पुढच्या वर्षावर गेली. माझे स्वतःचे मत तिच्या विरुद्ध आहे. जी मुले मराठी नुकती शिकत आहेत त्यांच्यावर वजाबाकी तिसऱ्याच भाषेत लादण्यात मला शहाणपण दिसत नाही. पण मैदानापलीकडे मूल पाठविलेल्या माणसाने हे किती मोठ्याने बोलावे, हाही प्रश्न होताच. मी हळू बोललो. शाळा इंग्रजी शाळेत विलीन करून खोल्या तिला द्याव्यात, हीही सूचना फादरांनी मंडळाच्या वतीने मांडली. कोणी काही बोलले नाही. गोंड्याच्या बाईने विचारले, "तिथं फी किती?" फादरांनी आकडा सांगितला, आणि ती सूचना तेथेच संपली.

ठरले ते इतकेच. कुलूपबंद खोली उघडून तेथे जूनपासून बालवाडी सुरू करायची. तिला अनुदान मिळणार नाही. पहिल्या वर्षाचा खर्च चर्चने करायचा. मे महिन्यात घरोघर जायचे. पहिलीला ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षे पुरी होणारी मुले चालतात, तेवढी शोधायची. भट्ट्या बंद होण्याआधी तेथल्या मुलांची हमी कार्डे भरून द्यायची. आधारच्या रांगेत आळीपाळीने उभे राहायचे. त्यांत माझा मंगळवार. आणि शनिवारी सकाळी मी तिसरी-चौथीला गोष्टी वाचून दाखवायच्या, असे बाईंनी मला न विचारताच लिहून टाकले.

मे महिन्यातल्या त्या वणवणीत मी तीन संध्याकाळी शिक्षिकांबरोबर हिंडलो. चाळींत लोक दाराशी खुर्ची मांडतात, सरबत देतात आणि शेवटी विचारतात, "इंग्लिश शिकवता का?" शिकवितो, म्हटले तर खूश. पहिलीपासून शिकवितो, म्हटले तर अधिक खूश. महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी हा विषय २००० सालापासून आहे, हे पंचवीस वर्षांनी दारोदार सांगावे लागावे, याला काय म्हणावे! एका पाड्यावर एका म्हातारीने नातीला पुढे केले. जन्माचा दाखला नव्हता, दात पडलेले होते. शिक्षिका म्हणाली, "दात पडले म्हणजे सहा झालीच," आणि नाव लिहिले.

१६ जूनला शाळा उघडली. पहिलीला आणि वरच्या वर्गांना मिळून एकोणीस मुले आली. मधल्या काळात दोन कुटुंबे नालासोपाऱ्याला निघून गेली होती. ३० सप्टेंबरला पट भरला बासष्ट. तिघांची आधारकार्डे जुळत नव्हती, म्हणजे मोजणीला एकोणसाठ. हे लिहीपर्यंत एकाचे काम झाले आहे. साठ. उरलेल्या दोघांपैकी एक ती दात पडलेली मुलगी. तिचा दाखला जव्हार तालुक्यातल्या गावी आहे आणि तिचा बाप तो दिवाळीनंतर भट्टीवर येताना घेऊन येणार आहे. तोपर्यंत दुरुस्तीची मुदत राहील, असे म्हणतात. त्यात १ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने शिक्षकांच्या पात्रता परीक्षेविषयी निकाल दिला आहे. अल्पसंख्याकांच्या शाळांचा प्रश्न त्यात मोठ्या पीठाकडे गेला असला तरी धाकटी शिक्षिका रात्री अभ्यासाला बसते. दिवसा तिच्याकडे तिसरी आणि चौथी, दुसरीकडे पहिली आणि दुसरी. मध्ये सिस्टरांची धावपळ.

बालवाडीत चौदा मुले आहेत. त्यांत चार कॅथलिक. ज्या बागाईतदाराने शाकारणीचा प्रश्न काढला होता त्याची नात त्या चौघांत आहे. ती पहिलीला कोठे जाईल ते त्याने सांगितलेले नाही, आणि आम्हीही विचारलेले नाही. शनिवारच्या माझ्या गोष्टी चालू आहेत. देवदूत आता चौथीत आहे आणि बातमी स्त्रीलिंगी झाली आहे; पण 'चूक' पुल्लिंगी झाली. डिसेंबरच्या नाटिकेत त्याला पुन्हा देवदूतच व्हायचे आहे.

मोठ्या बाईंना ३१ मेला शाल दिली, नारळ दिला, फोटो काढला. १६ जूनला सकाळी सातला त्या नेहमीच्या रिक्षेने नेहमीप्रमाणे हजर! कोणी काही विचारले नाही. त्या सरळ बालवाडीच्या खोलीत गेल्या, चप्पल बाहेर काढली आणि जमिनीवर बसल्या. त्यांच्या मानधनाचा प्रश्न मंडळापुढे आहे. फादर म्हणतात, नाताळनंतर बघू. बाई म्हणतात, नाताळपर्यंत त्या पोरांना खाली बसायला सतरंजी तेवढी घ्या.